पिवळी पुंगळी, राखाडी पुंगळी



आज वावरातलं काही नाही. कपाशी वेचून झाली, मक्याला पाणी चालू आहे. मधल्या वेळात जे वाचलं, विचारलं, ते लिहून ठेवतो. विषय बंदुकीच्या काडतुसाचा आहे. काही जण म्हणतील, भाऊनं हे काय मधीच काढलं. पण ज्याचा मका डुकरांनी एका रात्रीत झोपवला आहे त्याला हा विषय परका वाटणार नाही.

झालं असं, माझा पुतण्या अमेरिकेत टेक्सासमध्ये नोकरीला आहे. तो राहतो तिथून जवळच एक म्हातारा शेतकरी मका आणि ज्वारी करतो. हो, तिकडंही ज्वारी होते, पण ती जास्त करून जनावरांच्या तोंडी जाते. त्या म्हाताऱ्याच्या वावरात डुकरं. आपल्यासारखीच, पण एकेक कळप बघावा असा. तिकडं २०११ पासून हेलिकॉप्टरमधून डुकरं मारायला कायद्यानं मोकळीक आहे, आणि २०१९ पासून जमीनमालकाची परवानगी असली तर डुकरासाठी शिकारीचा परवानासुद्धा लागत नाही. आपल्याकडं वनखात्याच्या परवानगीशिवाय डुकरावर नेम धरता येत नाही, हे वेगळं सांगायला नको.

पुतण्यानं व्हिडिओवर दोन खोकी दाखवली. एकात पिवळीधमक पितळी काडतुसं. दुसऱ्यात राखाडी, मळकट दिसणारी, रशियाची. दुसरी बरीच स्वस्त. म्हाताऱ्याचा मुलगा म्हणतो, ही राखाडी बंदुकीला विष आहे. म्हातारा म्हणतो, वीस वर्षं हीच वापरतो, काय झालं? पुतण्या मला विचारतो, "काका, आजोबांची बारा बोअर होती ना आपल्याकडं. तुम्हाला माहीत असेल. स्वस्त गोळीनं बंदूक खरंच खराब होते का?"

खरं सांगायचं तर मला माहीत नव्हतं. वडिलांची बंदूक पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची, आणि बारा बोअरचं काडतूस म्हणजे कागदाची नाहीतर प्लास्टिकची नळी, धातू फक्त बुडाला. रायफलचं आणि पिस्तुलाचं काडतूस वेगळं. त्यात सगळी पुंगळीच धातूची. पण आमच्या बाजूला वरणगावच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक अण्णा आहेत. जन्म गेला त्यांचा लहान काडतुसांच्या खात्यात. त्यांना विचारलं, बाकीचं वाचलं.

आधी पुंगळीचं काम काय ते समजून घ्या. आपण समजतो ती नुसती दारू भरायची डबी. अण्णा म्हणाले, "डबी नाही भाऊ, ती वायसर आहे." टोपीवर ठोका बसला की आत दारू पेटते, दाब होतो. त्या दाबानं पुंगळी फुगते आणि बंदुकीच्या घराला, म्हणजे चेंबरला, चिकटून बसते. मागून वायू निसटत नाही, सगळा जोर गोळीमागं लागतो. गोळी नळीबाहेर गेली की दाब उतरतो, पुंगळी केसभर आकसते, आणि बंदुकीचा आकडा तिला ओढून बाहेर फेकतो. फुगायचं आणि लगेच आकसायचं, दोन्ही करणारा धातू पाहिजे. सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त असं पितळ हे काम सगळ्यात सुबक करतं.

हे कळायला माणसाला बरीच वर्षं लागली. काडतूस हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांकडून आला. काडतूस म्हटलं की आपल्याला १८५७ आठवतं. ते कागदाचं होतं, दातानं फाडायचं, आणि त्याच्या चरबीवरून भडका उडाला. त्यानंतर धातूची पुंगळी आली, पण सुरुवातीला शुद्ध पितळ ओढून केलेली नव्हती. अमेरिकेच्या घोडदळाकडं तांब्याच्या पुंगळ्या होत्या. तांबं मऊ. फुगतं, पण परत येत नाही. १८७६ ला लिटल बिगहॉर्नच्या लढाईत कस्टरची तुकडी कापली गेली, तिथं काही शिपायांच्या बंदुकीत पुंगळी अडकून बसली होती. त्यामुळंच लढाई गेली असं मी म्हणणार नाही, समोर माणसंच कितीतरी जास्त होती. पण अडकलेली पुंगळी चाकूनं उकरत बसायची ती वेळ नव्हती. इंग्रजांनी मार्टिनी-हेन्री बंदुकीसाठी पितळेचा पातळ पत्रा गुंडाळून पुंगळी केली होती. १८८५ ला सुदानच्या वाळूत आणि उन्हात तीही अडकायला लागली. मग अख्ख्या पितळेच्या वाटीपासून ओढत ओढत लांब केलेली, जोड नसलेली पुंगळी सगळीकडं आली.

ही ओढायची रीत म्हणजे आपल्या तांबटाचीच. पितळ ठोकलं की कडक होतं, मग भट्टीत लाल करून मऊ करायचं, पुन्हा ठोकायचं. फॅक्टरीत हातोड्याच्या जागी प्रेस आहे, एवढाच फरक. आणि सगळी पुंगळी एकसारखी मऊ ठेवत नाहीत. तोंडाकडं मऊ, बुडाकडं कडक. तोंड फुगायला पाहिजे, बूड फाटायला नको. अण्णा हे सांगताना हातातला चहाचा कप उलटा धरून दाखवत होते.

आता पोलाद कुठून आलं? बंदूकवाल्यांना स्वस्त पडावं म्हणून आलं नाही. तांबं संपलं म्हणून आलं. पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या आरमारानं जर्मनीचा समुद्र बंद केला. बाहेरचं तांबं थांबलं. जर्मनांनी चर्चच्या घंटा उतरवून वितळवल्या, घरातली भांडी गोळा केली, आणि तरी पुरेना म्हणून पोलादाच्या पुंगळ्या काढायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धात तर त्यांची बरीचशी काडतुसं पोलादी, वरून रोगण लावलेली. पिस्तुलाच्या नऊ एमएमच्या गोळीत शिशाची बचत व्हावी म्हणून लोखंडाचा गाभा घातला. म्हणजे पुंगळीही पोलादाची आणि गोळीच्या पोटातही लोखंड.

अमेरिकेसारख्या श्रीमंत देशालाही ओढ पडली. १९४३ साली त्यांनी एक सेंटचं नाणं तांब्याऐवजी पोलादाचं, वरून जस्त चढवलेलं काढलं. आणि इंडियाना राज्यात इव्हान्सव्हिल गावी क्रायसलर मोटार कंपनीनं मोटारी बाजूला ठेवून पिस्तुलाची पॉईंट ४५ ची काडतुसं करायला घेतली. तीनशे कोटींहून जास्त काडतुसं त्या एका गावातून गेली, त्यातली पुष्कळ पोलादी पुंगळीची. मोटारीचे पत्रे दाबणाऱ्या लोकांनी पोलाद ओढायचं गणित बसवलं.

आपल्याकडंही त्याची खूण आहे. घरात जुनी नाणी असतील तर बघा, मधी भोक असलेला पैसा सापडेल. भोकाचा पैसा. तो १९४३ पासूनच निघाला. लहानपणी आम्हाला वाटायचं, करदोट्यात ओवायला सोपं जावं म्हणून भोक. भोक धातू वाचवायला होतं. तिकडं सेंट पोलादाचा झाला, इकडं पैशाला भोक पडलं. आमच्या आईनं असे पाच-सहा पैसे देव्हाऱ्यात जपून ठेवले होते.

युद्ध संपल्यावर अमेरिका पितळेवर परत गेली. जर्मनीही नंतर गेली. रशिया मात्र गेला नाही, आणि खरी गोष्ट इथं आहे.

इतरांसाठी पोलादी पुंगळी म्हणजे नड होती. रशियानं ती नेहमीची धरली आणि बंदूकच तिच्या मापानं केली. १९४३ ला त्यांनी नवीन काडतूस ठरवलं, त्यावर पुढं एके-४७ आली. ते काडतूस हातात घेतलं (फोटो तरी बघा) तर दिसेल, पुंगळी सरळ नाही, बुडाकडून तोंडाकडं चांगली निमुळती आहे. एके-४७ चं मॅगझिन केळ्यासारखं वाकडं का, याचं उत्तर हेच. निमुळती काडतुसं एकावर एक रचली की रांग आपोआप वाकते. निमुळती कशाला? जमिनीत ठोकलेली मेख आठवा. निमुळती मेख एकदा हलली की लगेच सुटते, सरळ खुंटी शेवटपर्यंत घासत येते. पोलाद पितळेइतकं आकसत नाही, म्हणून त्याला सुटायला सोपं जावं असा आकार दिला. शिवाय चेंबरला आणि नळीला आतून क्रोमचा मुलामा, आणि आकडा दणकट.

अमेरिकेच्या एआर-१५ रायफलीचं काडतूस जवळजवळ सरळ. ते पितळ धरूनच आखलेलं. आणि तिथं पितळसुद्धा अडकलं आहे, हेही सांगतो. व्हिएतनाममध्ये १९६६-६७ ला त्यांच्या एम-१६ रायफलीत पुंगळ्या अडकून शिपाई मेले. दारू बदलली होती, चेंबरला क्रोम नव्हता, साफसफाईचं सामान नीट पोचलं नव्हतं. संसदेच्या समितीनं चौकशी केली, मग क्रोम आला. तेव्हा पितळ म्हणजे चिंता नाही, असंही नाही.

पुढं सोव्हिएत संघ मोडला आणि तुला, बर्नाऊल, उल्यानोव्स्क इथल्या कारखान्यांचा माल अमेरिकेच्या बाजारात आला. राखाडी, हिरवट, स्वस्त. आणि या पोलादी पुंगळ्या सरळ काडतुसाच्या रायफलीतही जायला लागल्या. तिथून भांडण सुरू झालं, ते म्हाताऱ्याच्या ओट्यापर्यंत आलं.

आता पुतण्याच्या प्रश्नाकडं. बंदूक खराब होते का? मी जेवढं वाचलं त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी लोकांनी एकाच पुंगळीच्या माथी मारलेल्या दिसल्या.

एक म्हणजे, लोक म्हणतात पुंगळीवरचं रोगण गरम चेंबरात वितळून चिकटतं. अण्णा हसले. तसं नसतं. पोलाद कमी फुगतं, चेंबरला उशिरा चिकटतं, म्हणून सुरुवातीचा थोडा धूर मागं येतो आणि काजळी बसते. पोलादी काडतुसं बरीच मारून, साफ न करता लगेच पितळी घातली तर पितळ जास्त फुगतं, त्या काजळीत रुतून बसतं. अडकते पितळी, शिव्या खाते पोलादी. उपाय एकच, ब्रश. पिस्तुलात हा त्रास फारसा जाणवत नाही. पुंगळी आखूड, आणि पॉईंट ४५ चा दाब साधारण २१,००० पौंड तर रायफलीचा ५५,००० च्या घरात. दाब हा चौरस इंचाला.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त पटली, कारण ती आपल्या खताच्या गोणीतली आहे. जुन्या रशियन काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की मागं काय राहतं? पोटॅशियम क्लोराईड. म्हणजे आपलं म्युरेट ऑफ पोटॅश! ज्यानं पोटॅशची फाटकी गोणी पावसाळ्यात लोखंडी पेटीजवळ ठेवली आहे त्याला पुढचं सांगायची गरज नाही. हवेतलं पाणी ओढतं आणि लोखंड खातं. नळीत तो क्षार राहिला की दोन-चार दिवसांत लाल. लोक म्हणायचे पोलादी गोळीनं नळी गंजली. पुंगळीचा काही संबंध नाही, पितळी पुंगळीत ती टोपी असती तरी नळी गंजलीच असती. आणि तेलानं पुसून उपयोग नाही, तेलात मीठ विरघळत नाही. गरम पाणी ओतून धुवायचं, कोरडं करायचं, मग तेल. खत फेकायचं यंत्र आपण जसं धुतो तसं. आता नवीन काडतुसांत ही टोपी बहुतेक नसते, पण जुन्या सीलबंद डब्यांत असते.

तिसरी गोष्ट खरी आहे, पण तीही पुंगळीची नाही, गोळीची आहे. स्वस्त काडतुसात गोळीच्या शिशावरचं कवच बऱ्याचदा तांब्याचं नसतं, पोलादाचं असतं, वरून तांब्याचा पातळ मुलामा. लोहचुंबक लावला की कळतं. हे कवच नळी घासतं. २०१३ साली अमेरिकेतल्या लकी गनर नावाच्या काडतूस विक्रेत्यानं चार एकसारख्या रायफली घेऊन प्रत्येकीतून दहा-दहा हजार गोळ्या मारायचं ठरवलं. पितळीवाली एकदाही अडली नाही. पोलादीतल्या दोन जाती नऊ आणि पंधरा वेळा अडल्या, चौथी रायफल दहा हजारांपर्यंत पोचलीच नाही. आणि पोलादी कवचाच्या गोळ्यांनी नळ्या इतक्या झिजल्या की गोळ्या कागदावर आडव्या लागायला लागल्या. पण गंमत अशी की स्वस्त काडतुसांत जे पैसे वाचले त्यात नवीन नळ्या घेऊनही शिल्लक राहत होती.

इथं मला माझीच एक गोष्ट आठवली. पाच-सहा वर्षांपूर्वी मोटारपंपाचा गनमेटलचा बुश गेला. दुकानदारानं स्वस्तातला दुसरा दिला, म्हणाला हा जास्त कडक आहे, जास्त टिकेल. टिकला की! बुश टिकला, शाफ्ट गेला. ऐन गव्हाच्या दुसऱ्या पाण्याला पंप वर काढावा लागला, गहू चार-पाच दिवस तहानलेला राहिला. बुश मऊ ठेवतात तो झिजावा म्हणूनच, हे मला तेव्हा कळलं. तांब्याचं कवच तेच काम करतं, ते झिजतं आणि नळी वाचते.

मग म्हातारा बरोबर की मुलगा? पुतण्याला मी एवढंच विचारलं, म्हातारा वर्षाला किती गोळ्या मारतो? तो म्हणाला, शंभर-दीडशे. मग दहा हजारांच्या हिशेबाला त्याचा सगळा जन्म पुरणार नाही. मुलगा दर रविवारी चांदमारीला जातो, दोन-दोनशे मारतो. त्याची नळी झिजणार, पण वाचलेल्या पैशात नवीन येणार. म्हणजे हिशेबानं दोघंही बरोबर, फक्त मुलाला वाटतं ते कारण चुकीचं.

मुलाचं एक म्हणणं मात्र मी म्हाताऱ्याला सांगायला लावलं. पोलादी कवचाची गोळी दगडावर आपटली की ठिणगी पडते. उन्हाळ्यात वाळलेल्या गवतात तिकडं वणवा लागायला तेवढं पुरतं. बऱ्याच चांदमारीच्या जागी म्हणूनच दारातच लोहचुंबक लावून बघतात. कडबा शेजारी असताना स्वस्त काय आणि महाग काय.

आणखी एक फरक, जो आपल्या माणसाला लगेच कळेल. पितळी पुंगळी तिकडचे शेतकरी गोळा करतात, नवीन टोपी बसवून घरीच पुन्हा भरतात. पोलादी बहुतेक पुन्हा भरता येत नाही, भंगारातही तिला पितळेचा भाव नाही. ती गवतात गंजून जाते. आपल्या फौजेत तर रिकाम्या पुंगळ्या मोजून परत द्याव्या लागतात. आमच्या गावचा फौजी सांगतो, एक कमी पडली की अख्खी तुकडी गवतात वाकून शोधत बसते.

साठवणीचं थोडं. कारखान्याच्या सीलबंद पत्र्याच्या डब्यात पोलादी काडतूस पन्नास वर्षंही राहतं. पण डबा फोडला आणि रोगणाला ओरखडा गेला की आपल्यासारख्या दमट हवेत गंज धरतो. गंजलेली पुंगळी चेंबरात घालायची नाही, फाटली तर वायू तोंडावर येतो. टेक्सासचा समुद्राकडचा भाग दमटच आहे. म्हाताऱ्याचा उघडा डबा पत्र्याच्या शेडमध्ये फवारणीच्या औषधाशेजारी पडलेला असतो, हे पुतण्यानं सांगितलं तेव्हा मी म्हटलं, आधी तो उचल म्हणावं.

२०२१ च्या सप्टेंबरपासून अमेरिकेनं रशियन काडतुसं नव्यानं मागवायला परवाने देणं बंद केलं. रशियातल्या विरोधी नेत्याला, नवाल्नीला, विष दिल्याच्या प्रकरणावरून ते निर्बंध आले. त्यामुळं राखाडी खोकी आता पूर्वीसारखी स्वस्त राहिली नाहीत, जुना माल संपत आला आहे. म्हाताऱ्याकडं तीन डबे उरलेत. मुलगा आता म्हणतो, निम्मे मला द्या.

पुतण्यानं परवा परत व्हिडिओ लावला होता. म्हाताऱ्यानं डबा घरात घेतला आहे, नळी ब्रशनं घासली आहे. आणि ज्वारीच्या दोन काकऱ्या रात्रीतून उकरलेल्या होत्या, अगदी आपल्या बांधावर दिसतात तशाच.